ॲ ॲपचा : नवशिक्या पालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ज्यांच्या घरात अडीच ते पाच वर्षांचं निदान एक मूल आहे, आणि वाढदिवसाच्या पार्टीत ‘तुम्ही कुठलं ॲप वापरता?’ असं कुणी विचारलं की ज्यांना एकदम तहान लागून उठावं लागतं, अशा पालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. मुलासाठी वेगळी मार्गदर्शिका काढलेली नाही. त्याला ती लागत नाही. तुम्ही हे वाचताय तेवढ्यात त्याने तुमचा फोन उचलला आहे, पॅटर्न काढून उघडला आहे आणि तुमच्या साहेबांना तीन वाघ आणि एक केक पाठवला आहे.

मराठीच्या बाजूने घाबरू नका. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2009मध्ये लिपी आणि वर्णमालेबद्दल निर्णय काढला, त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिली. म्हणजे घरोघरी ॲप येण्याआधीच आपण त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला होता. आता जेवायला कोण बसतं एवढंच बघायचं.

साहित्य

फोन, एक. शक्यतो घरातला जुना, कोपऱ्यात काच तडकलेला. नवा फोन मुलाच्या हाती द्यायचा नाही असा ठराव करून ठेवा. तो पुढच्या लग्नसमारंभापर्यंत टिकतो. टॅब घ्यायचा असेल तर ‘अभ्यासासाठी’ म्हणून घ्या. घरातल्या मोठ्यांपुढे हे एकच कारण चालतं.

चार्जर, एक. वायर सोफ्यापर्यंत पोचली पाहिजे.

मूल, एक. वयाबद्दल थोडं सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल 2019मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दोन वर्षं पुरी होईपर्यंत पडद्यासमोर बसवूच नका. दोन ते चार या वयात दिवसाला फार तर एक तास, आणि त्याहून कमी केलंत तर चांगलंच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही जवळपास हेच आहे. हा एक तासाचा आकडा पाठ करून ठेवा. डॉक्टरांनी विचारलं की सांगायला उपयोगी पडतो.

मोठं माणूस, ऐच्छिक. ॲपच्या वर्णनात ‘मूल स्वतःहून शिकते, पालकांच्या मदतीची गरज नाही’ असं एक वाक्य असतं. रंगीबेरंगी अक्षरं, गोड आवाज, तज्ज्ञांनी तयार केलेला अभ्यासक्रम वगैरे बाकीचा मजकूर आपण चाळतो. हे वाक्य मात्र दोनदा वाचतो. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. संध्याकाळी कुकर लावायचा असतो, ऑफिसचा एक फोन राहिलेला असतो, आणि मूल पायाशी येऊन ‘हे काय आहे’चा जप करत असतं. अशा वेळी अर्धा तास शांतता कुणी देत असेल आणि वर तिला शिक्षण म्हणत असेल, तर नाही कोण म्हणणार?

ॲपची निवड

स्टोअरमध्ये ‘मराठी मुळाक्षरे’ असं टाका. ॲप्सची रांग लागेल. प्रत्येकाच्या चौकटीत डोळे विस्फारून, तोंड आ वासून बसलेला एक प्राणी दिसेल. प्राणी बघून निवड करू नका. आतली चित्रं बहुतेक सारखीच असतात, कडेचा रंग तेवढा निराळा.

‘फ्री’ लिहिलेलं ॲप घ्या. फ्री म्हणजे जाहिराती. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच वर्षांखालची मुलं वापरतात अशी 135 ॲप्स तपासली. त्यांचे निष्कर्ष 2018मध्ये आले. त्यातल्या 95 टक्के ॲप्समध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात जाहिरात होती. कधी खेळाच्या मध्येच चित्रफीत, कधी लाडका प्राणीच मुलाला काहीतरी विकत घे म्हणून गळ घालतो. उरलेली पाच टक्के शोधत बसण्याचा उद्योग नवशिक्यांनी करू नये. शिवाय जाहिरातीतून मूल एक कौशल्य हमखास शिकतं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात राईएवढी फुली कुठे उगवणार, ती उगवायला किती वेळ लागणार आणि खोटी फुली कुठली, हे त्याला ‘अ’ ओळखू येण्याच्या कितीतरी आधी समजतं.

फ्रीचा दुसरा अर्थ असा, की अ, आ, इ, ई फुकट, ‘उ’वर कुलूप. त्यामुळे सध्या ‘ई’पर्यंत उत्तम तयारी झालेली मुलं घरोघरी आढळतात. कुलूप उघडायचं तर वर्षाची वर्गणी. पहिले काही दिवस चकटफू, त्यानंतर रक्कम आपोआप खात्यातून जाते, आणि वर्गणी बंद करायचं बटण कुठल्याशा पानाच्या आतल्या कुठल्याशा पानावर असतं. माझ्या ओळखीतल्या एका घरात मुलगी तिसरीत गेली, कंसातली बेरीज करायला लागली, तरी मुळाक्षरांची वर्गणी चालूच होती. वडील म्हणाले, असू दे, दुसऱ्याला होईल. दुसरं मूल अजून झालेलं नाही.

ॲप उघडल्यावर ते माइक, फोटो, संपर्क आणि तुम्ही आत्ता कुठे आहात याची माहिती मागेल. ‘क कमळाचा’ सांगायला त्याला तुमच्या सासूबाईंचा नंबर कशाला हवा, असा प्रश्न मनात आला तर तो मनातच ठेवा. 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती, मुलांवर पाळत नको, त्यांना हेरून जाहिराती नकोत, असं बरंच लिहिलेलं आहे. तुम्ही ‘मान्य आहे’ दाबा. सगळे दाबतात.

काही ॲप्सपासून मात्र सावध राहायचं आहे. गूगलने मार्च 2019मध्ये भारतात ‘बोलो’ नावाचं एक ॲप आणलं. पुढच्या वर्षी ते ‘रीड अलाँग’ नावाने जगभर गेलं. त्यात मराठीही आहे. त्यातली दिया नावाची मुलगी मूल मोठ्याने वाचतं ते ऐकते आणि अडलं तिथे शब्द सांगते. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ 2015पासून चालू आहे. तिथे मराठीतल्या चित्रगोष्टी फुकट वाचायला मिळतात. या मंडळींची शिफारस इथे करता येत नाही. पहिल्यात मुलाला तोंड उघडून वाचावं लागतं, म्हणजे घरातली शांतता गेली. दुसऱ्यात कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावं लागतं, म्हणजे तुम्हीच गेलात. अर्धा तास वाचवायला निघालेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये.

पहिला धडा : ऐका आणि म्हणा

आता मुलाला सोफ्यावर बसवा, ॲप चालू करा आणि स्वयंपाकघरात जा. कान मात्र उघडे ठेवा.

ॲपमधला आवाज बऱ्याचदा यंत्राचा असतो, आणि त्या यंत्राचं बालपण हिंदीत गेलेलं असतं. त्याला ‘ळ’ येत नाही. ‘ळ’ आला की ते ‘ल’ म्हणून पुढे सटकतं. फळाचं फल होतं, बाळाचं बाल, काळ्याचं काला. मूल दोन दिवसांत ‘माझा डोला दुखतो’ म्हणायला लागतं आणि पाहुणे म्हणतात, किती गोड बोबडं बोलतो! बोबडं कोण बोलतंय याचा खुलासा करत बसू नका.

‘च’ची गंमत याहून बारीक आहे. मराठीत च दोन आहेत. ‘चिमणी’तला एक, ‘चमचा’तला दुसरा. ज सुद्धा दोन : ‘जिलबी’तला निराळा, ‘जहाज’मधला निराळा. लिपीत यांचा फरक दाखवत नाहीत, कुणी शिकवतही नाही. मूल तो आईच्या, शेजारणीच्या, रिक्षावाल्याच्या तोंडून उचलतं, आणि शाळेत जायच्या आधी बिनचूक बोलतं. यंत्राकडे एकच च असतो, चिमणीचा. तेव्हा मुलाने जेवताना चिमणीच्या चने चमचा मागितला, तर समजा की धडा नीट चालू आहे.

चित्रांचंही असंच. बऱ्याच ॲप्सची पाटी आधी हिंदीत तयार झालेली असते, मग तिच्यावर मराठी चढवलेली असते. ‘इ’च्या खाली चिंचेचं चित्र येतं आणि मूल दिवसभर इ आणि चिंच यांचं नातं शोधत बसतं. शोधू द्या. विचारशक्ती वाढते.

खरी पंचाईत ‘ण’ आणि ‘ळ’ यांच्यापाशी होते. ॲप बनवणाऱ्याच्या डोक्यात साचा इंग्रजीचा : अक्षर दाखवा, त्याच अक्षराने सुरू होणारी वस्तू दाखवा. मराठीत ‘ण’ने किंवा ‘ळ’ने सुरू होणारी वस्तू घरात काय, बाजारातही मिळत नाही. ही दोन अक्षरं शब्दाच्या पोटात किंवा शेपटाला बसतात. आपल्या जुन्या तक्त्यांनी त्याचा कधी बाऊ केला नाही. ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असं म्हणून शेवटचं अक्षर दाखवलं आणि पुढे गेले. पिढ्यान्‌पिढ्या मुलांना त्यात काही वावगं दिसलं नाही. ॲपचा तोडगा सोपा आहे. ते ‘ढ’वरून थेट ‘त’वर उडी मारतं.

अक्षराच्या वळणाबद्दल एक सूचना. त्याच 2009च्या निर्णयात मराठीसाठी पाकळ्यांचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला. बालभारतीच्या पुस्तकात तोच दिसतो. फोनमधले बरेच फाँट मात्र आपण होऊन हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात, कारण संगणकाच्या हिशेबी दोन्ही एकच अक्षर आहे, चेहरा फाँटने ठरवायचा. त्यामुळे तुमचं मूल पहिलीत गेल्यावर पुस्तकातल्या ‘ल’कडे बोट दाखवून ‘हा कोण?’ असं विचारेल. तो लांबचा नातेवाईक आहे म्हणून सांगा.

बाराखडी या मार्गदर्शिकेत घेतलेली नाही, कारण बहुतेक ॲप्सनीही घेतलेली नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सगळं ‘लवकरच येत आहे’ या पाटीखाली असतं. वास्तविक मराठी वाचनाचं अर्धं काम तिथेच आहे. ‘कि’मधली वेलांटी लिहायची क-च्या आधी आणि म्हणायची नंतर, ही गोष्ट चार वर्षांच्या डोक्याला उलगडून सांगावी लागते. क, म, न ही तीन अक्षरं सुटी ओळखणारं मूल ‘किमान’ वाचायला घेतलं की पहिल्याच रेघेला अडकतं. पण वेलांटीचा प्राणी काढता येत नाही, तिचं स्टिकर होत नाही. म्हणून लवकरच.

गिरवणे

आता हाताचा व्यायाम. पडद्यावर ठिपक्यांनी काढलेला ‘क’ येईल. त्यावर बोट फिरवलं की तो रंगीत होतो, वरून कागदाचे तुकडे पडतात आणि एक बाई ‘शाब्बास!’ म्हणतात.

पहिले काही क मूल बोटाने गिरवतं. मग त्याला शोध लागतो. मी हे शेजारी बसून पाहिलेलं आहे : मुलीने आधी माझ्याकडे बघितलं, मग तळहाताचा खालचा भाग पडद्यावर ठेवला आणि पोळपाट पुसावा तसा एकदा गोल फिरवला. ‘क’ भरला. कागदाचे तुकडे पडले. शाब्बास झालं. ‘ख’ही तसाच झाला, ‘ग’ही. रेघ कुठून सुरू करायची, गोळा आधी की दांडा आधी, याच्याशी बाईंना काही कर्तव्य नव्हतं. त्यांना जागा भरलेली हवी होती. दहा मिनिटांत मुलीने ज्ञ गाठला आणि हात फ्रॉकला पुसले.

एवढं वेगवान शिक्षण पूर्वी नव्हतं. पाटीवर, त्याही आधी धुळीत बोटाने ‘ओनामा’ गिरवायला मुलाला दिवसच्या दिवस लागत. वेडावाकडा अ निघायचा, शिक्षक हात धरायचे, पुन्हा पुसायचं. अमेरिकेत करिन जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012मध्ये याचीच तपासणी केली. वाचायला न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना तीन तऱ्हांनी अक्षरं करायला दिली : कोऱ्या कागदावर स्वतः काढायची, ठिपक्यांवरून गिरवायची किंवा कळ दाबून टाइप करायची. नंतर मेंदूचे स्कॅन काढले. वाचताना मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो हाताने स्वतः अक्षर काढलेल्या मुलांचा अक्षर पाहताच जागा झाला. गिरवणाऱ्यांचा आणि टाइप करणाऱ्यांचा तसा झाला नाही. वेडंवाकडं काढण्यातच बहुधा काहीतरी असतं. मूल दर वेळी निराळा, चुकलेला अ काढतं आणि त्या सगळ्या चुकलेल्या अ-मधून त्याला खरा अ कळतो, असा तर्क या संशोधकांनी लावला. ॲपमध्ये चुकता येत नाही. ठिपक्यांबाहेर बोट गेलं तर रंगच उमटत नाही.

दसऱ्याला पाटीपूजन करत असाल तर करा. एकड्यांची सरस्वती काढायला पाटी नसेल तर टॅबवरही काढता येते, पण फुलं वाहिली की पडदा आपोआप पान उलटतो.

शब्दसंग्रह

अक्षरांनंतर शब्द. ॲपमधला मराठी मुलगा इग्लूत राहतो, याक पाळतो आणि फावल्या वेळात झायलोफोन वाजवतो. परात, सुपली, विळी, पायरी, गिरणी, डबकं या गोष्टी त्याने पाहिलेल्या नसतात. त्यामुळे रत्नागिरीतल्या मुलाला पेंग्विन ओळखता येतो आणि दारातला भारद्वाज ‘मोठा कावळा’ असतो.

या टप्प्यावर घरातली आजी हा मोठा अडथळा ठरू शकतो. पुढचा प्रसंग वानगीदाखल देतो.

आजी पेपर पसरून मेथी निवडत बसली आहे. नातू शेजारी फोन घेऊन. फोन विचारतो, ‘हा कोण आहे बरं?’

‘याक!’ नातू म्हणतो. पण दाबायचं विसरतो. ‘आजी, याक काय खातो?’

‘असला ढीग मिळाला तर मेथी खाईल की.’

‘देठ पण खातो?’

‘त्याला काय कळतंय कोवळं की जून. सगळं खातो.’

‘मग हे देठ त्याला ठेव.’

‘ठेवते. हे बघ, हे जून, वाकव, मोडत नाही. हे कोवळं, कट्‌कन मोडतं. तू कोवळी कोवळी काढ.’

पाच सेकंद वाट बघून फोन स्वतःच ‘याक! शाब्बास!’ म्हणतो. कागदाचे तुकडे पडतात. कुणी बघत नाही. फोन पुढचं चित्र दाखवतो, वाट बघतो, स्वतःच उत्तर देतो आणि सोफ्याच्या उशीला पुन्हा शाब्बासकी देतो. इकडे नातू देठ मोडून आवाज येतो का ते ऐकतो आहे, मुळाशी माती का असते ते विचारतो आहे आणि जुडीला बांधलेला दोरा बोटाला गुंडाळतो आहे.

संध्याकाळी ॲपचा अहवाल येईल : आज शिकलेले नवे शब्द, 1. याक. देठ, जुडी, कोवळं, जून, निवडणे यांची नोंद कुठेच नसेल. अहवालात खंड पडू नये म्हणून मेथी निवडताना आजींना दुसऱ्या खोलीत बसवावं.

आजीपुढे ॲप फिकं पडतं हे लाडाने म्हणत नाही, त्याला आधार आहे. सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कूल यांनी 2003मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांच्या एका गटासमोर चिनी बोलणारी माणसं बसली, पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली. अशा 12 बैठका झाल्या. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. पहिल्या गटाला चिनीतले बारीक उच्चारभेद तैवानमधल्या बाळांइतके कळायला लागले. पडद्यासमोरच्या बाळांना काहीही कळलं नाही. चिनी कधी न ऐकलेल्या बाळांइतकंच. बाळं पडद्याकडे बघत होती, हे विशेष.

पडदा आला म्हणून सगळंच वाया गेलं असंही नाही. 2014मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदं शिकवली. समोरचं माणूस मुलाच्या बोलण्याला उत्तर देत होतं, तेव्हा मुलं शिकली. तसंच रेकॉर्ड केलेलं बोलणं लावलं तेव्हा शिकली नाहीत. न्यू जर्सीतल्या नातीशी रविवारी सकाळी कॉलवर बोलणाऱ्या पुण्याच्या आज्यांना या अभ्यासाची गरज पडली नसती. ‘अगंबाई, हा कुठला फ्रॉक?’ एवढ्या एका प्रश्नातून ती नात झालर, बाही, इस्त्री आणि ‘मळलाय’ शिकते. तिला ‘ळ’ येतो. इथल्या चुलतभावाला येत नाही.

थोडं इतिहासाकडेही बघू, कारण शाळेच्या मुलाखतीत कधी कुणी विचारतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला 1945मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं. 1957मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर परवडण्यासारखी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पानं, जे आजूबाजूला होतं त्याची साधनं केली. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. पुढे ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री. त्यांच्या साधनांत तांत्रिक त्रुटी एवढीच, की शिंपला स्वतःहून ‘शाब्बास’ म्हणत नाही. त्यासाठी समोर बाई बसलेल्या लागतात.

पालकांची परीक्षा

ॲपमध्ये पैसे भरायच्या किंवा सेटिंगच्या पानावर जाताना एक दार लागतं : ‘फक्त मोठ्यांसाठी’. तिथे 7 × 8 किंवा 13 × 6 अशी गणितं येतात. उत्तर आलं तर तुम्ही मोठे. पालकांनी आधी सराव करून ठेवावा, कारण मूल शेजारी उभं राहून बघत असतं. आजोबा हे दार न थांबता ओलांडतात. त्यांच्या पिढीचे पाढे अजून शाबूत आहेत. आपल्या पिढीचं कॅल्क्युलेटर त्याच फोनमध्ये असतं आणि ते उघडायला ॲप बंद करावं लागतं. ‘बोट तीन सेकंद दाबून ठेवा’ असं दार असेल तर सोपं आहे. ते मुलालाही येतं.

प्रगती

दर रविवारी ॲप तुम्हाला प्रगतीचा तक्ता पाठवेल. त्यात तारे, पदकं आणि हसऱ्या सिंहाचा चेहरा असेल. तो न वाचता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. मामा अंगठा दाखवतील, मावशी बदाम पाठवतील, आणि तिच्या मुलाचा तक्ता दहा मिनिटांत येईल. मुलाला प्रत्यक्ष अक्षर येतं की नाही हे तपासायचं असल्यास वर्तमानपत्राचा मथळा पुढे धरा. पण त्यात दोन धोके आहेत. त्याला अक्षर आलं नाही तर वाईट वाटेल. आलं तर तो तुम्हाला मथळा वाचून दाखवेल आणि त्याचा अर्थ विचारेल.

अडचणी आणि उपाय

फोन काढून घेतला की मूल जमिनीवर लोळतं. उपाय : फोन परत द्या. हा उपाय दर वेळी चालतो, एवढाच त्याचा दोष.

मूल पुस्तकातल्या चित्रावर बोट दाबतं आणि काही वाजत नाही म्हणून पुस्तक टाकून देतं. उपाय : शेजारी बसून तुम्ही वाजा. हत्तीचा आवाज येत नसेल तर गाढवाचा काढा, मूल तडजोड करतं.

मूल ‘ही गोष्ट पुन्हा वाच’ म्हणतं. तीच गोष्ट. रोज. उपाय नाही. ॲपमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, तिथे प्रत्येक वेळी नवं काहीतरी असतं.

मूल ॲपमधल्या बाईला प्रश्न विचारतं आणि उत्तराची वाट बघत बसतं. उपाय : तुम्ही द्या. पण एकदा दिलंत की दुसरा प्रश्न येतो, आणि मग कुकर राहतो.

पाच वाजले, मूल शांत आहे, फोन टेबलावर तसाच पडून आहे. ताबडतोब बैठकीच्या खोलीत जा. खोडरबराला न जुमानणाऱ्या लाल खडूने भिंतीवर हातभर ‘अ’ निघालेला असेल, दांडा उलट्या बाजूला, शेजारी एक ‘आ’, त्याच्या कान्यावर सोफ्यावर चढल्याच्या पावलांच्या खुणा. रंगाऱ्याला आत्ता बोलावू नका. ‘ज्ञ’ अजून बराच लांब आहे, आणि बाराखडी लिहायला समोरची भिंत मोकळी आहे.